बोटं पाच की सहा?

पक्ष्यांच्या पुस्तकातला शिक्रा, हा छोटा शिकारी पक्षी, फार समजूतदार असतो. छाती समोर, मान किंचित वळवलेली, डोळ्याचा रंग कळेल असा उजेड, आणि मोजून घ्या म्हणून पुढे केलेली पायाची बोटं. शेजारी तोच उडताना, दोन्ही पंख ताणून आणि शेपटी पसरून, जणू शिंप्याकडे माप द्यायला आलाय. या चित्रांवर भरवसा ठेवून माणूस पहाटे उठतो, गळ्यात कॅमेरा अडकवतो, आणि मग त्याला खरा शिक्रा दिसतो. म्हणजे शिक्र्याची पाठ दिसते. राखाडी, कोरी, ओळखीची एकही खूण नसलेली पाठ. त्यात एक आडवी डहाळी नेमकी डोक्यावरून गेलेली.

हे शिकारी पक्षी फोटो तरी देतात नाहीतर ओळख तरी. दोन्ही एका दिवशी मिळत नाही. फ्रेम करून भिंतीवर लावावा असा फोटो येतो तेव्हा गळ्यावरची रेघ पिसांत बुडालेली असते, शेपटी फांदीमागे असते आणि पाय पोटात ओढलेले असतात. आणि ज्या फोटोवरून पक्ष्याचा निकाल लागतो, तो आकाशात कुणीतरी कोळशाचा तुकडा भिरकावल्यासारखा दिसतो. त्यामुळे फार सुरेख फोटो आला की मी आधी संशयानेच बघतो.

गोंधळाला सुरुवात नावापासूनच होते. आकाशात पंख न हलवता काही फिरत असेल तर ती घार. जरा मोठं वाटलं तर गरुड. आणि फोटो स्वतः काढलेला असेल तर ससाणा. 'ससाणा' हा शब्द आपण हॉकलाही लावतो आणि फाल्कनलाही. शिक्रा हा हॉक, बहिरी ससाणा हा फाल्कन. शिक्र्याचं आणि त्याचं साम्य वाकडी चोच, धारदार नखं आणि दुसऱ्याच्या जिवावर उठणं इतपतच. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात दिसून आलं, की फाल्कन हे हॉक आणि गरुडांपेक्षा पोपटांना आणि चिमणी-बुलबुलासारख्या पक्ष्यांना जवळचे आहेत. म्हणजे हवेतल्या हवेत ज्या पोपटाला तो उचलतो, तो नात्यातलाच. 'भाऊबंदकी' हा शब्द उगाच आलेला नाही.

म्हणून नवशिक्याने आधी रंगाकडे बघूच नये, असं माझं ठाम मत आहे. रंग उजेड ठरवतो, वय ठरवतं, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग जुळवणारं सेटिंग, ठरवतो. पक्षी शेवटी ठरवतो. बघायची ती ढब. शिक्रा आणि त्याचं खानदान म्हणजे आखूड, टोकाशी गोलसर पंख आणि लांब शेपटी. उडणं गाडी चुकणाऱ्या माणसासारखं: चार-सहा वेळा घाईघाईने फडफड, मग थोडं तरंगणं, पुन्हा फडफड. बझर्डचे पंख रुंद, शेपटी आखूड, आणि घिरट्या निवांत, पेन्शनीतल्या. फाल्कनचे पंख कोयत्यासारखे टोकदार. भोवत्या, म्हणजे हॅरियर, लांब पंख आणि लांब शेपटी घेऊन गवताच्या डोक्यावरून जातो आणि तरंगताना पंख उथळ व्ही अक्षरासारखे वर धरतो. घारीच्या शेपटीला टोकाशी खाच, आणि ती शेपटी सुकाणूसारखी सतत पिळत असते.

एवढं पाठ करून बाहेर पडलं, की पहिल्या तासात पाठांतर पाण्यात जातं. घारीने शेपटी पूर्ण पसरली की खाच गायब होते आणि कडा सरळ दिसते. वेगाने घसरत जाणारा शिक्रा पंख मागे ओढतो आणि थेट फाल्कन दिसतो. उलट थर्मलमध्ये, म्हणजे वर उठणाऱ्या गरम हवेत, चढणारा फाल्कन पंख आणि शेपटी पसरून बसतो आणि हॉक दिसतो. कॅमेऱ्याची भर अशी, की हे ढोंग तो सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात गोठवून पुरावा म्हणून आपल्या हातात देतो. डोळ्याला जे उडणं वाटलं, ते फोटोत नुसती एक पोझ होते. त्यामुळे एका फ्रेमवरून आकार ठरवायचा नाही. दहा-बारा फ्रेमची ओळ लावून बघायची. आणि कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी पाच सेकंद नुसतं बघायचं, हे सगळ्यात अवघड. फडफडीचा ताल फोटोत येत नाही, तो वहीतच लिहावा लागतो. 'फड फड फड फड, तरंग, फड फड फड' असं लिहिलेली वही घरच्यांच्या हाती लागू नये एवढी काळजी घ्यावी.

आता मूळ दुखणं. शिक्रा, बेसरा आणि युरेशियन स्पॅरोहॉक ही तीन माणसं एकाच शिंप्याकडून कपडे शिवून घेतात. वरून राखाडी, खालून पट्टे, डोळे रागीट. पुस्तक सांगतं: गळ्याच्या मधोमध उभी रेघ बघा. शिक्र्याची रेघ टोकदार पेन्सिलीने हलक्या हाताने ओढल्यासारखी, कित्येकदा नाहीच म्हणावी अशी. बेसऱ्याची जाड, मार्करने ओढलेली. स्पॅरोहॉकला ही मधली रेघ नसते. ऐकायला किती सोपं! पण गळा ही शिकारी पक्ष्याची खासगी जागा आहे. तो मान खाली घालून आपल्याकडे बघतो तेव्हा गळा छातीत जातो, आणि मान वर करतो तेव्हा त्याच्यावर सावली पडते.

मग पायाकडे जा. बेसऱ्याचे पाय काडीसारखे आणि मधलं बोट लांबलचक. शिक्र्याची बोटं आखूड आणि जाडसर. पाय पिसांत असतील तर शेपटीकडे जा. बेसऱ्याच्या शेपटीवरचे काळे पट्टे रुंद, शिक्र्याचे अरुंद, आणि प्रौढ शिक्रा नराच्या शेपटीची मधली पिसं बहुधा बिनपट्ट्यांची. शेपटी मिटलेली असेल तर वरून फक्त हीच मधली पिसं दिसतात, त्यामुळे पट्टेवाला पक्षी बिनपट्ट्याचा ठरतो. मिटलेली शेपटी खालून बघायला मिळाली तर उत्तम. तेवढ्यासाठी झाडाखाली जाऊन उभं राहावं लागतं आणि तिथे काय अंगावर पडतं, ते पुढे सांगतो.

शिक्र्याच्या छातीवरचं लिखाण मात्र दुरूनही वाचता येतं. आडवं लिहिलेलं असेल तर प्रौढ, उभं लिहिलेलं असेल तर ज्युवेनाइल, म्हणजे कोवळ्या वयाचा. ज्युवेनाइलचे डोळे पिवळे. शिक्र्याचा नर मोठा झाला की डोळे लाल होतात, मादीचे नारिंगी-पिवळ्याच्या आसपास राहतात. मधल्या वयाच्या पक्ष्यावर छातीला उभं, पोटाला आडवं असं दोन हस्ताक्षरांत लिहिलेलं सापडतं. असा पक्षी दिसला की जाणकार मंडळी 'सबअडल्ट' म्हणतात आणि विषय बदलतात.

आकारावर जायचं म्हटलं तर या घराण्यात मादी नरापेक्षा मोठी. थोडीथोडकी नव्हे, स्पॅरोहॉकची मादी वजनाने नराच्या दुपटीला जाऊ शकते. त्यामुळे 'जरा मोठा वाटला' या वाक्याला काही अर्थ उरत नाही. एका जातीची थोरली मादी दुसऱ्या जातीच्या धाकट्या नराला मापात गाठते. उत्तर अमेरिकेतले लोक याच दुखण्यापायी शार्प-शिन्ड आणि कूपर्स हॉक यांच्यावर उभा जन्म काढतात. तिथे शेपटीचं टोक चौकोनी की गोल, आणि उडताना डोकं पंखांच्या पुढे आलंय की खांद्यांत रुतलंय, यावर वाद चालतात. कूपर्सचं डोकं मोठं, पुढे आलेलं, शेपटी गोल. शार्प-शिन्डचं डोकं लहान, शेपटी चौकोनी. हे वाचून आपलं दुःख हलकं होतं. आपण एकटे नाही.

शेवटचं कोर्ट म्हणजे बोटं. पायाची नव्हे, पंखाची. पक्षी पंख ताणतो तेव्हा टोकाशी जी पिसं सुटी-सुटी दिसतात त्यांना बोटं म्हणायचं. शिक्रा आणि बेसरा, पाच. युरेशियन स्पॅरोहॉक आणि गोशॉक, सहा. चायनीज स्पॅरोहॉक चार, म्हणून त्याचा पंख टोकदार दिसतो. पॅलिड आणि माँटेग्यूज हॅरियर चार, हेन हॅरियर पाच. मधुबाजाच्या, म्हणजे हनी बझर्डच्या, पूर्वेकडच्या भावाला सहा, युरोपातल्याला पाच. आयुष्यभर टिपलेल्या देखण्या फोटोंना जे जमलं नाही, ते आकाशातला एक काळा ठिपका मोठा करून, स्क्रीनवर नाक टेकवून, 'एक, दोन, तीन…' असं मोजल्यावर जमतं.

मोजण्यातही मेख आहे. सगळ्यात आतलं बोट आखूड असतं. ते बोट धरायचं की नाही, यावर पाचाचे सहा होतात. पंख पूर्ण ताणलेला नसेल तर दोन बोटं एकमेकांवर चढून एकच दिसतात. आणि पिसं झडण्याचा काळ असेल तर एखादं बोट जागेवरच नसतं. मग तुम्ही हुशारीने म्हणता, दुसरा पंख मोजतो. पण पक्षी तुमच्याहून हुशार. पंखांची पिसं बहुधा दोन्ही बाजूंना जोडीजोडीने झडतात, उडताना तोल जाऊ नये म्हणून. म्हणजे दोन्ही साक्षीदार मिळून एकच खोटी साक्ष देतात. त्यावर उपाय एवढाच, की बोटांच्या ओळीत मध्येच फट आहे का, किंवा एखादं पीस अर्धवट वाढलेलं, शेजाऱ्यांपेक्षा आखूड आणि ताज्या गडद रंगाचं आहे का, ते शोधायचं. सापडलं तर त्या पक्ष्याची बोटं मोजू नयेत. सुटीवर गेलेल्यांची हजेरी कशी घेणार?

मधुबाजाचं नाव घेतलंच आहे तर थोडक्यात आटपतो, कारण त्याच्याबद्दल जास्त बोलणाऱ्याचं कधी भलं झालेलं नाही. हा पक्षी जवळजवळ पांढऱ्यापासून चॉकलेटीपर्यंत कुठल्याही रंगात येतो. कधी मोरगरुडासारखा दिसतो, कधी बझर्डसारखा. त्याला ओळखायचं ते डोक्यावरून: लांबट मानेवर कबुतराचं वाटावं इतकं लहान डोकं. मधमाश्यांच्या पोळ्यात तोंड घालतो, म्हणून चेहऱ्यावर खवल्यांसारखी घट्ट बारीक पिसं. नराचे डोळे गडद आणि शेपटीवर दोन जाड काळे पट्टे. मादीचे डोळे पिवळे. बाकी काहीही असू शकतं.

आता यंत्राकडे वळू. ६०० मिमीची लेन्स फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर लावली की दिसणारा कोन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जेमतेम चार अंश. हात लांब करून दोन बोटं धरा. जेवढं आकाश झाकलं जाईल, साधारण तेवढं. त्या दोन बोटांएवढ्या खिडकीत उडता पक्षी आणून बसवायचा. नवशिका पक्षी बघतो, मान खाली घालून कॅमेरा बघतो, डोळा लावतो, आणि मग आकाशभर दुर्बिणीने हरवलेली किल्ली शोधत राहतो. खरी युक्ती अशी, की नजर पक्ष्यावरून हलवायची नाही. मान स्थिर, नजर स्थिर, आणि कॅमेरा खालून वर येऊन डोळ्यासमोर बसला पाहिजे. झूम लेन्स असेल तर २०० किंवा २५० वर पक्षी पकडायचा, मग ६०० कडे जायचं. ही कवायत घरात बसून करता येते, भिंतीवरच्या घड्याळावर. घरचे विचारतील. सांगू नये.

लेन्स लांब घेतली म्हणजे पक्षी जवळ येतो, हाही एक गोड गैरसमज. साधा हिशेब करा. शिक्रा सुमारे ३० सेंमी लांब. तो ५० मीटरवर बसलाय आणि लेन्स ६०० मिमीची, तर सेन्सरवर त्याची प्रतिमा पडते ३.६ मिमीची. सेन्सर ३६ मिमी रुंद. म्हणजे फोटोच्या रुंदीचा दहावा भाग शिक्रा, बाकी नऊ भाग पानं. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात पक्षी साधारण ६०० पिक्सेलचा. १०० मीटरवर ३००. या ३०० पिक्सेलमध्ये गळ्यावरची पेन्सिलीची रेघ किती पिक्सेलची असेल ते तुम्हीच काढा. याउलट १० मीटरवर आला, तर लेन्सचं छिद्र एफ ६.३ वर ठेवून सगळं मिळून सुमारे १० सेंमी खोलीच फोकसमध्ये राहते. डोळा लख्ख, शेपटी धूसर. देवाने दिलं तरी झोळी फाटकी.

सेटिंगचं म्हणाल तर दोनच जोड्या बांधून ठेवाव्यात आणि कॅमेऱ्याच्या कस्टम जागांवर नेऊन बसवाव्यात. बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंदाचा शटर, एकच फोकस पॉइंट. उडत्याला १/२००० च्या खाली येऊ नये, शिक्र्याने झेप घेतली तर १/३२०० सुद्धा कमीच वाटतो. फोकस सतत पाठलाग करणारा, पॉइंटचा पट्टा रुंद. फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर द्यावं, म्हणजे अंगठा फोकस करेल आणि तर्जनी फोटो काढेल. लेन्सवर फोकस लिमिटरची कळ असते, ती लांबच्या पल्ल्यावर ठेवावी. नाहीतर पक्षी निसटला की लेन्स तीन मीटरपासून अनंतापर्यंत घरघरत फेरी मारते आणि ती परत येईपर्यंत अनंतात फक्त आकाश उरतं. पानांतल्या पक्ष्यासाठी मात्र एकच पॉइंट हवा. कॅमेऱ्याचा डोळा ओळखणारा फोकस फार हुशार असतो हे खरं, पण शिक्र्यापुढची डहाळीसुद्धा त्याला डोळ्याइतकीच आवडते. घरी आल्यावर डहाळीच्या सालीवरची भेग न भेग दिसते. मागे एक राखाडी धुकं, तो शिक्रा.

कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर म्हणजे भोळा सांब. सगळं जग मध्यम राखाडी असावं अशी त्याची श्रद्धा. उजळ आकाश दिसलं की ते घाबरून फोटो अंधारा करतं आणि पक्ष्याचा कोळसा होतो. म्हणून आकाशावर उडणाऱ्याला एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त उजेड द्यायचा. मग तोच पक्षी खाली सुळकांडी मारून गर्द झाडीसमोर येतो. आता ते जादा दोन स्टॉप छातीवरचं लिखाण धुऊन टाकतात, उभंही आणि आडवंही. प्रौढ की ज्युवेनाइल, काहीच कळत नाही. नुसता एक पांढरा सदरा उडतोय. मॅन्युअलवर राहणं, म्हणजे उजेडाचं माप स्वतःच ठरवणं बरं. मागे आकाश असो की झाड, पक्ष्यावर पडणारं ऊन तेच असतं. आणि फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काढावेत. अंधारातून पंखाखालचे पट्टे नंतर दोन स्टॉप उपसून काढता येतात, दाणे दिसले तरी चालतात. पांढरं जळून गेलेलं मात्र ब्रह्मदेव आला तरी परत येत नाही. कापशी घारीसारख्या पांढऱ्याधोप पक्ष्याला तर सरळ दोन-तृतीयांश स्टॉप कमीच द्यावा. बिचारी कापशी एवढी सोशीक, की हवेत एका जागी पंख मारत थांबते, डोळे लाल, खांदे काळे, सगळ्या खुणा उघड्या. शिकाऊ लोकांसाठी निसर्गाने ठेवलेली बालवाडीच ती. तिचाही फोटो जाळून ठेवणारे आम्ही लोक आहोत.

उजेडाची खरी थट्टा वेगळीच. सकाळी सूर्य खाली असतो तेव्हा तिरपं ऊन थेट पंखाखाली शिरतं आणि बोटं, पट्टे, सगळं सोन्यासारखं उजळतं. पण त्या वेळी जमीन तापलेली नसते, थर्मल उठलेले नसतात, त्यामुळे पक्षी उडत नाही. फांदीवर ऊन खात बसतो, पाठ करून. जमीन तापते, पक्षी वर चढतो, डोक्यावर गोल फिरून पंख ताणून दाखवतो, तेव्हा सूर्यही डोक्यावर आलेला असतो आणि पंखाखाली मिट्ट काळोख. शिवाय तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा थरथरते, तिच्यातून लांबचा फोटो काढला की पाण्यात बुडवून काढल्यासारखा येतो. मग माणूस लेन्सला दोष देतो, फोकसला दोष देतो, नवी लेन्स घ्यायच्या गोष्टी करतो. थरथरत्या हवेवर औषध नाही. एकतर जवळ जा, नाहीतर सावलीत बसा. पायाखाली फिकी जमीन असेल, वाळू किंवा वाळलेलं गवत, तर तिच्यावरून उलटा उजेड वर जातो आणि पंखाखालचं थोडंफार दिसतं. दुपारी उभं राहायचंच असेल तर निदान अशा ठिकाणी राहावं.

बसलेला पक्षी उडणार कधी, हे मात्र तो स्वतः सांगतो. फार सभ्य भाषेत नाही. शेपटी किंचित उचलतो, मागे पांढरी पिचकारी सोडतो, वजन हलकं करतो, मग पुढे झुकतो आणि निघतो. मघाशी झाडाखाली उभं राहण्याबद्दल म्हणालो ते हेच. पिचकारी दिसताक्षणी बटण दाबून धरायचं. विचार करायला वेळ नसतो. आणि पक्षी बहुधा वाऱ्याच्या तोंडावर उड्डाण घेतो, म्हणून वारा आणि ऊन दोन्ही आपल्या पाठीशी असतील अशी जागा धरावी, म्हणजे तो आपल्या दिशेने तरी येतो. ज्या दिवशी वारा पूर्वेचा आणि ऊन पश्चिमेचं असतं, त्या दिवशी काय करायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. नेमकी याच क्षणी आणखी एक गोष्ट होते. पक्षी निव्वळ बसलेला असताना आपण कंटाळून त्याचे दोनशे फोटो काढलेले असतात, त्यामुळे उडताना कॅमेऱ्याचा बफर, म्हणजे फोटो तात्पुरते साठवायची जागा, भरलेला असतो. मशीन 'बिझी' म्हणतं. बसलेल्याला तीन-चार फोटो पुरेत, तो दोनशेव्या फोटोतही तसाच बसलेला असतो.

जवळ जाताना सरळ चालत जाऊ नये, तिरपं, रेंगाळत, त्याच्याकडे फार टक लावून न बघता जावं. पिसं साफ करायची थांबवून तो अंग आवळून ताठ झाला आणि एकटक बघायला लागला, म्हणजे आपण एक पाऊल जास्त टाकलंय. तिथून मागे यायचं. गाडीतून फोटो काढता आले तर सोन्याहून पिवळं, गाडीतल्या माणसाला पक्षी माणूस समजत नाही. भक्ष्य धरून बसलेल्याला उठवू नये, त्याचं सकाळभराचं काम वाया जातं. आणि घरट्यापाशी तर जाऊच नये, जागा कुणाला सांगूही नये. घरट्यापाशी काढलेल्या फोटोतून ओळखही काही जास्त पटत नाही. पिल्लं दिसतात, ती तर सगळ्यांचीच पांढरी आणि चिडकी.

पक्षी शोधायला मात्र दुर्बीण कमी आणि कावळे जास्त कामाला येतात. दहा-बारा कावळे एका झाडावर बोंबलत असतील तर मध्यभागी कुणीतरी वाकड्या चोचीचं बसलेलं आहे. कावळ्याचा दुसरा उपयोग म्हणजे फूटपट्टी. रिकाम्या आकाशात कुठल्याही पक्ष्याचा आकार सांगता येत नाही, सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण पाठीमागे लागलेला कावळा ४० सेंमीचा आहे हे माहीत असतं, मग पुढे पळणारा त्याच्याहून लहान की मोठा हे तरी ठरतं. दोघं एका फ्रेममध्ये आले तर तो फोटो कितीही गचाळ असो, पुसू नका. कोतवालावर मात्र विसंबू नये. तो शिक्र्याचा आवाज हुबेहूब काढतो. मैना घाबरून उडाल्या की त्यांनी टाकलेल्या किड्यावर साहेब ताव मारतात, आणि आपण रिकाम्या झाडाकडे लेन्स रोखून अर्धा तास उभे.

सगळ्यात वाईट मार पावशाचा. रंग शिक्र्याचा, पोटावरचे आडवे पट्टे शिक्र्याचे, पट्टेरी शेपटी शिक्र्याची, उडणं तेच फडफड-तरंग, फांदीवर बसल्यावर शेपटी हलवणंसुद्धा तेच. त्याच्या पिल्लाच्या छातीवरचं लिखाणही शिक्र्याच्या पिल्लासारखंच उभं. लहान पक्षी फसतात आणि त्याच्या मागे लागतात, म्हणजे साक्षीदारही फोडलेले. ओळखायचं ते चोचीवरून, ती बरीचशी सरळ, हॉकसारखी आकडेबाज नाही. डोळ्याभोवती पिवळं कडं. पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे. हे सगळं न बघता गळ्याची रेघ, शेपटीचे पट्टे, डोळ्याचा रंग असा तासभर काथ्याकूट करून 'बेसरा, नक्की बेसरा' असं ठरवावं, आणि तेवढ्यात पक्ष्याने फांदीवरून 'पेरते व्हा' अशी हाळी द्यावी. त्यानंतर आजूबाजूला कुणी ऐकलं नाही ना, एवढंच बघायचं असतं.

आपल्याला जमलं नाही की फोटो जाणकारांकडे जातो. त्याआधी मोबाइलमधल्या ॲपकडे जातो, आणि ते पाठीच्या फोटोवरून इतक्या आत्मविश्वासाने उत्तर देतं, की विचारणाऱ्यालाच लाज वाटावी. जाणकार मात्र आधी प्रश्न विचारतात. खालून फोटो आहे? शेपटी पसरलेला? पंख ताणलेला, कितीही वाईट? आणि इथेच घात झालेला असतो. कारण घरी आल्याबरोबर माणूस साठ-सत्तर फोटो पुसतो: हललेले, अंधारे, अर्धा पंख कापला गेलेले, पक्षी मागे वळून जाताना काढलेले. एक ठेवतो, फांदीवरचा, सोनेरी उजेडातला, पाठमोरा. ज्या अंधाऱ्या फोटोत बोटं मोजता आली असती, जो हललेला होता पण शेपटी खालून दाखवत होता, ते कायमचे गेले. ओळख पक्की होईपर्यंत एकही फोटो पुसायचा नाही, हे मी स्वतःला दर वेळी बजावतो आणि कार्ड भरत आलं की विसरतो.

एवढं करूनही ठरलं नाही, तर हरलेल्यांसाठी एक सन्माननीय पळवाट होती. नोंदीत सरळ 'ॲक्सिपिटर, जात अनिश्चित' असं लिहायचं. ॲक्सिपिटर हे या भावंडांचं तेव्हाचं शास्त्रीय आडनाव, आणि लॅटिन शब्दामुळे अज्ञानालाही वजन यायचं. शिक्रा असो, बेसरा असो, स्पॅरोहॉक असो की गोशॉक, सगळे त्या एका छपराखाली गुण्यागोविंदाने राहत होते. २०२४ मध्ये पक्ष्यांच्या जागतिक याद्या सांभाळणाऱ्यांनी त्या घराची वाटणी केली. शिक्रा आणि बेसरा आता टॅकिस्पायझा. गोशॉक आणि कूपर्स हॉक, ॲस्टर. या चौघांतला स्पॅरोहॉक तेवढा ॲक्सिपिटरमध्ये राहिला. म्हणजे आता 'मला हे कळलेलं नाही' एवढं नीट लिहायचं असेल, तरी आधी बोटं पाच की सहा हे मोजावंच लागतं.